सड्यावरचं कोरीव काम

[ड्रोन: कशेळी, ता. राजापूर]

हे कोकणातलं कातळशिल्प, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेलं चित्र. खाली उभं राहून बघितलं, तर काळपट जांभा आणि त्यात आडव्यातिडव्या खाचा, एवढंच दिसतं. आता वरून बघा. ही सोंड. ही पाठ. हे पाय. 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद हत्ती. आणि त्याच्या अंगात कोरलेले कितीतरी जलचर, पशू, पक्षी.

कोणी कोरला? गावात कुणालाच सांगता येत नाही. ना नाव उरलं, ना गोष्ट.

[खराट्याने सडा झाडणारे हात, जवळून]

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी असे सडे वर्षानुवर्षं पालथे घालत आलेत. आधी गावातल्या जाणत्यांना गाठायचं, गुरं चारणाऱ्यांना विचारायचं. मग उन्हं कलल्यावर सड्यावर जायचं, कारण तिरप्या उन्हात खाच सावली धरते. गवत काढायचं, वर्षानुवर्षं साठलेली माती झाडायची. इथे बघा, बोटभर खोल रेष मोकळी होतेय. आधी रेष शेपटीची वाटली, निघाली माशाची.

[बारसू]

बारसूला दोन वाघांच्या मधोमध माणूस उभा आहे. कोकणातल्या कातळांवर गेंडासुद्धा आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. नांगर, पीक मात्र कुठेच नाही. म्हणून अभ्यासक हे काम शेतीच्या आधीच्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांचं मानतात. दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचं असावं, असा अंदाज आहे.

सातबाऱ्यावर मात्र असे सडे पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत जातात.

[चिरेखाण, यंत्राचा आवाज तसाच ठेवावा]

जांभ्याचे चिरे कापणाऱ्या यंत्राचं चक्राकार पातं आधी उभं फिरतं, मग आडवं. पहार लावली की चिरा सुटतो. काही चित्रं अशीच गेली, काही रस्त्याखाली.

[उक्षी]

उक्षीत कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातलाय. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत अशा नऊ जागा गेल्या: रत्नागिरीतल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं पणसाईमळ. बाकीचे बहुतेक सडे खाजगी मालकीचे, उघडे आहेत. जागा खाणीला द्यायच्या आधी मालकाने एकदा तरी सडा झाडून बघावा, आणि रेष दिसली तर यंत्र थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावं.