चप्पल पायातून निसटते तेव्हा

मंडळी, लावणीची कामं आटोपून आलात, म्हणून फार लांबण लावत नाही. आपल्या देवगड-मालवणकडे पन्नाशी ओलांडलेली माणसं दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "वय झाला आता, असाच चालतला." हे ऐकलं की मला काळजी वाटते. त्यातल्या काहींचं दुखणं वयाचं नसतंच. अंगात एखादं जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात एक काकी आल्या. दारात चप्पल काढायला वाकल्या, तर एका पायात चप्पलच नव्हती. वाटेत निसटली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी विचारलं, "न्हाणीत तोंड धुताना डोळे मिटलेत की काय होतं?" म्हणाल्या, "भिंत धरूक लागता." डोळे उघडे असतात तोवर नजर तोल सांभाळून घेते. ते मिटले की पायांकडून येणाऱ्या जाणिवेवर भिस्त, आणि ती जाणीवच बोथट झालेली. मग जीभ बघितली. लालबुंद, गुळगुळीत, वरचा खरखरीतपणा गेलेला. सोलकढीसुद्धा झोंबायची त्यांना.

काकींनी सात वर्षांपूर्वी माळ घातली होती. मासे सुटले, अंडंही सुटलं, दूध चहापुरतं. त्यांना कमी पडलं होतं ते बी-१२ जीवनसत्त्व. ते मिळतं मासे, मटण, अंडी आणि दूध-दह्यातून. तिसऱ्यांमध्ये, म्हणजे शिंपल्यांमध्ये, तर ते भरपूर असतं. डाळ-भातात, भाजीत मुळात नसतंच. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही जाणवत नाही. जाणवू लागतं तेव्हा माळेचा आणि पायाला येणाऱ्या मुंग्यांचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्यात काकी शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत होत्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ अंगी नीट लागत नाही. रोजची ॲसिडिटीची गोळीही तेच करते. पायाला मुंग्या शुगरनेही येतात, त्यामुळे सगळं शुगरच्या नावावर खपून गेलं होतं. म्हणून तुमची शुगरची गोळी मनाने बंद करू नका हं. डॉक्टरांना फक्त विचारा, "माझं बी-१२ तपासायचं का?"

एक गोष्ट कळकळीने सांगते. थकवा आला, चेहरा फिका पडला की घरात पडलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या सुरू होतात. त्यांत फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसत्या त्याच गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारलेलं दिसतं, माणूस निर्धास्त होतो, आणि आत नसांची झीज चालूच राहते. फार उशीर झाला तर ती पुरती भरून येत नाही. काकींच्या मुंग्या इंजेक्शनांनी कमी झाल्या, जीभ तर काही आठवड्यांत निवळली. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे.

माळ मोडायला मी कुणालाच सांगत नाही. औषधातलं बी-१२ जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यासाठी मासा-मटण लागत नाही.

पायांवरून आठवलं. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिलं, की पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या सावरतात. त्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. कमी पडत होतं ते बी-१. आपला उकडा तांदूळ साळीसकट उकडतात, तेव्हा हे बी-१ दाण्याच्या आत मुरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं. उकड्याच्या पेजेला गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडणाऱ्या सुनांनी, नातवांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलांचं एकच सांगते. दिवेलागणीला मूल ठेचकाळू लागलं, ताटातलं चाचपू लागलं, तर त्याला वेंधळं म्हणू नका. अ जीवनसत्त्वाची कमतरता अशीच सुरू होते. त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या.

रोजच्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितलं होतं. ज्यांनी आणलीत, त्यांनी आधी पुढे या. चपला काढूनच या, पायही बघायचे आहेत.