मेल उघडला, हे पाठवणाऱ्याला कसं कळलं?

[पडदा दोन भागांत. डावीकडे इनबॉक्स, उजवीकडे सर्व्हरची नोंदवही. मेल उघडतो.]

डावीकडे मेल उघडला. आता उजवीकडे पाहा, नोंदवहीत एक ओळ वाढली. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक), फोन होता की कॉम्प्युटर. वाचणाऱ्याने उत्तर दिलेलं नाही, कशावर क्लिकही केलेलं नाही.

१९८२ साली ईमेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, लिहिले गेले. त्यात निरोप पुढच्या सर्व्हरने ताब्यात घेतला की जबाबदारी संपते. तो कुणी वाचला का, हा प्रश्न तिथे नाहीच.

[आउटलुक. नवा मेल, ऑप्शन्सचा टॅब.]

तो प्रश्न विचारायची रीतसर सोय १९९८ मध्ये प्रमाणित झाली. 'रिक्वेस्ट अ रीड रिसीट' या चौकोनात खूण केली, की मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, पोच मागणारी एक ओळ जाते. समोरच्याला विचारणा होते, पोच पाठवू का? त्याला नाही म्हणता येतं. काही मेल प्रोग्रॅम तर ही ओळ वाचून सोडून देतात. वैयक्तिक जीमेल खात्याला ही सोयच नाही. ऑफिसच्या आणि शाळांच्या खात्यांना आहे, तीही अ‍ॅडमिनने परवानगी दिली तर. मागणारा उघडपणे मागतो आणि देणारा ठरवतो, म्हणून ही पद्धत आम्हाला योग्य वाटते.

आपण सुरुवातीला जे पाहिलं, त्यात कुणी काही विचारलंच नव्हतं.

[मेलचा तळ. चित्र मोठं होत जातं. एक लाल ठिपका.]

हा ठिपका दिसावा म्हणून आम्ही लाल रंगवला आहे. खरा असतो पारदर्शक. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच. जीआयएफ फाइल, जेमतेम ४३ बाइट.

[मेलचा मूळ मजकूर. एक लांबलचक पत्ता पिवळ्या रंगात.]

चित्र मेलमध्ये नसतं. मेलमध्ये असतो त्याचा पत्ता, आणि त्या पत्त्यात प्रत्येकासाठी वेगळा क्रमांक. दहा हजार जणांना मेल गेला, तर दहा हजार निरनिराळे पत्ते. तुम्ही मेल उघडता, तुमचा मेल प्रोग्रॅम ते चित्र आणायला पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे जातो. मागणी आली, की कोणत्या क्रमांकाची आली ते तिथे लिहिलं जातं. चित्र नंतर दिसलं काय, न दिसलं काय, नोंद झालेली असते.

ही नोंद चुकतेही. जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. त्यामुळे तुमचा आयपी पत्ता लपतो, पण मेल पहिल्यांदा कधी उघडला ते कळतंच. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये, आयओएस १५ पासून, उलटी वाट धरली: गोपनीयतेची सोय चालू असेल तर चित्रं आधीच पार्श्वभूमीत आणून ठेवायची. मग न उघडलेला मेलही 'उघडला' दिसतो. ऑफिसांतली सुरक्षा यंत्रणा मेल तपासताना चित्रं मागवते, तेव्हाही तेच. याउलट मेल साधारण १०२ केबीच्या वर गेला, तर जीमेल तो मध्येच कापतं. तळाचा ठिपका कापलेल्या भागात राहतो, आणि मेल वाचूनही नोंद होत नाही. म्हणून या नोंदीवर विसंबून "तुम्ही मेल पाहिलाय" असं कुणाला सुनावू नये. खात्री हवी असेल तर सरकारी पत्रांत लिहितात तसं शेवटी लिहावं: कृपया पोच द्यावी.

[फोन. राखाडी खुणा निळ्या होतात.]

व्हॉट्सअ‍ॅपची निळी खूण २०१४ ची. ती प्रायव्हसीमधून बंद करता येते, मग दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच खुणांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं.

[जीमेलची सेटिंग्ज. कर्सर सावकाश.]

ठिपका अडवायचा असेल तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. दातेरी चाक, सी ऑल सेटिंग्ज, जनरल. तिथे इमेजेससमोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा. पान तळापर्यंत सरकवून सेव्ह चेंजेस दाबा. ते राहिलं तर काहीही बदलत नाही. आयफोनवर मेलच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन, आणि 'प्रोटेक्ट मेल अ‍ॅक्टिव्हिटी' चालू. हे संरक्षण फक्त अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये मिळतं, त्याच फोनवरच्या जीमेल अ‍ॅपला नाही. थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम बाहेरची चित्रं मुळातच अडवतो.

[मेलमधल्या एका बटनावर कर्सर. खाली पूर्ण पत्ता दिसतो.]

चित्रं बंद केली तरी लिंक उरतात. बटनावर कर्सर नुसता धरा. पत्त्याच्या शेपटीला बहुधा तसाच एक क्रमांक दिसेल. तो टाळायचा असेल तर लिंकवर न जाता संकेतस्थळाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा.