बँड म्हणूनच गाण्याचा हट्ट : ‘अलाबामा’ची वाटचाल

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, लुकआउट पर्वताच्या कुशीत, फोर्ट पेन नावाचे एक छोटे शहर आहे. येथील गिरण्यांत इतके मोजे विणले जात की ‘जगाची मोज्यांची राजधानी’ हे बिरुद शहराने वर्षानुवर्षे मिरवले. आज मात्र बाहेरून येणारे अनेकजण येथे वेगळ्याच कारणासाठी थांबतात. शहराच्या मध्यभागी चार वादकांचे कांस्यपुतळे उभे आहेत. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागातून आलेले संगीत. त्याच्या इतिहासात ज्या बँडने आपल्या राज्याचेच नाव धारण केले, त्या ‘अलाबामा’चे हे चौघे सदस्य.

रँडी ओवेन आणि टेडी जेन्ट्री हे नात्याने भाऊ. लुकआउट पर्वतावरील कापसाच्या शेतांत दोघांचे बालपण गेले. चर्चमध्ये गाता गाता त्यांचा गळा तयार झाला आणि गिटारही दोघे बरोबरच शिकले. दूरच्या नात्यातला जेफ कुक त्यांना येऊन मिळाला, तेव्हा बँडला खऱ्या अर्थाने आकार आला, कारण कुकच्या हाती गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि कीबोर्ड ही तिन्ही वाद्ये सारख्याच सहजतेने बोलत. १९६९ मध्ये ‘यंग कंट्री’ या नावाने त्यांनी सुरुवात केली. शाळेतील एका स्पर्धेत त्यांना पहिले बक्षीस मिळाले, ते म्हणजे नॅशव्हिलच्या सुप्रसिद्ध ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाची तिकिटे. पुढे नाव बदलून ‘वाइल्डकंट्री’ झाले. शिक्षण आणि नोकऱ्या सांभाळत गाणे चालू होते. पण असे किती दिवस चालणार, हा प्रश्न तिघांसमोरही होताच.

१९७३ मध्ये त्यांनी त्याचा निकाल लावला. पोटापाण्याचे इतर उद्योग सोडून ते साउथ कॅरोलिनातील मर्टल बीच या समुद्रकाठच्या सुटीच्या गावी गेले आणि ‘द बावरी’ नावाच्या बारमध्ये वाजवू लागले. येथे त्यांची कमाई मुख्यतः श्रोत्यांनी खूश होऊन दिलेल्या पैशांवरच चाले. आठवड्यातील सहा रात्री, तासन् तास वाजवायचे, समोरचा जे मागेल ते गायचे, कधी मर्ल हॅगर्डचे कंट्री गाणे तर कधी लिनर्ड स्किनर्डचे दाक्षिणात्य रॉक, आणि मध्येच संधी साधून एखादे स्वतःचे गाणे ऐकवायचे. दिवसभर उन्हात पहुडलेले, नाचायला आलेले पर्यटक हेच त्यांचे श्रोते. गाणे आवडले नाही तर ते उठून जात आणि त्याबरोबर त्या रात्रीची कमाईही जाई. अशी सात उन्हाळ्यांची तालीम क्वचितच कोणा बँडला मिळाली असेल. कुठल्या गाण्यानंतर कुठले घ्यावे, गर्दी विरळ होऊ लागली की लय कुठे वाढवावी, तिघांच्या आवाजांची गुंफण कुठे मोकळी सोडावी, हे त्यांनी याच मंचावर शिकून घेतले. पुढील काळात स्टेडियममधील हजारो लोकांना त्यांनी ज्या सहजतेने बांधून ठेवले, तिचे मूळ मला या बारमध्येच दिसते.

त्यांचा हट्ट किती मोठा होता, हे समजण्यासाठी नॅशव्हिलची त्या काळची रीत पाहायला हवी. टेनेसी राज्यातील हे शहर म्हणजे कंट्री संगीताचे माहेरघर. तेथील रेकॉर्ड कंपन्यांचा सारा व्यवहार एकट्या गायकाभोवती किंवा गायिकेभोवती फिरे. नाव गायकाचे, छायाचित्र गायकाचे आणि स्टुडिओत वाजवायला मात्र शहरातील ठरलेले व्यावसायिक वादक, जे एकाच दिवसात दोन-तीन कलाकारांची ध्वनिमुद्रणे उरकत. ‘स्टॅटलर ब्रदर्स’ किंवा ‘ओक रिज बॉइज’ यांसारखे समूह लोकप्रिय होते. परंतु ते मुळात गायकांचे समूह होते. आपली वाद्ये आपणच वाजवणारा आणि बरीचशी गाणी आपणच रचणारा बँड ही रॉक संगीताची चाल मानली जाई, आणि कंट्रीच्या बाजारात ती खपेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

१९७७ मध्ये बँडने ‘अलाबामा’ हे नाव घेतले आणि जीआरटी या कंपनीशी करार केला. गाणे बाहेर आले, पण थोड्याच काळात कंपनीचे दिवाळे निघाले. त्याहून वाईट म्हणजे करारातील एका कलमामुळे त्यांना दुसऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करता येईना. पैसे जमवून त्या करारातून सुटका करून घेईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला ड्रमवादक मार्क हर्नडन त्यांच्यात आला आणि चौकडी पूर्ण झाली. एमडीजे या छोट्या कंपनीने काढलेले ‘माय होम्स इन अलाबामा’ हे गाणे देशभरातील रेडिओवर गाजू लागले, तेव्हा नॅशव्हिलला दखल घ्यावीच लागली. १९८० मध्ये नव्या कलाकारांच्या एका कार्यक्रमाचे त्यांना बोलावणे आले. मात्र तेथे आपली वाद्ये न वाजवता, आयोजकांच्या वादकांच्या साथीवर त्यांना गावे लागले. आपली संधी गेली, अशीच त्यांची समजूत झाली होती. प्रत्यक्षात त्यानंतर लवकरच आरसीए या बड्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि त्याच वर्षी ‘टेनेसी रिव्हर’ हे गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

पुढची सात वर्षे थक्क करणारी आहेत. नाताळासाठी काढलेले एक गाणे सोडले, तर १९८० ते १९८७ या काळात त्यांची लागोपाठ २१ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. १९८१ मधील ‘लव्ह इन द फर्स्ट डिग्री’ कंट्रीची वेस ओलांडून पॉप संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मानाचा पुरस्कार १९८२, १९८३ आणि १९८४ असा सलग तीन वर्षे त्यांना मिळाला. एखाद्या बँडला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

‘माउंटन म्युझिक’ हे १९८२ चे गाणे या साऱ्याच्या मध्यभागी ठेवावे लागेल. ओवेनने ते लिहिले. ड्रम आणि विजेच्या गिटारांचा जोर रॉकचा, आवाजांची गुंफण चर्चमधली, आणि शेवटाकडे येता येता लय एकदम धावू लागते, फिडल पुढे येते आणि गाणे खेड्यातल्या जुन्या नाचात जाऊन मिसळते. हा शेवट आवर्जून ऐकावा. नवे आणि जुने यांचे सांधे त्यात कुठेही दिसत नाहीत.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. संगीत फार गुळगुळीत होत चालले आहे, असे परंपरानिष्ठ श्रोते म्हणत, आणि ऐंशीच्या दशकानंतरच्या काही प्रेमगीतांबाबत ते मान्य करावे लागते. अल्बमच्या ध्वनिमुद्रणात नॅशव्हिलच्या व्यावसायिक वादकांचा आधार त्यांनीही घेतला. सुरुवातीच्या काही मुखपृष्ठांवर त्यांनी यादवी युद्धातील दक्षिणेचा ध्वज वापरला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैन्याचे ते निशाण अनेक अमेरिकनांसाठी वेदनेचे होते आणि आहे, हे विसरून चालणार नाही. याच बँडने ‘फोर्टी अवर वीक’ या १९८५ च्या गाण्यात कारखान्यांत आणि रस्त्यावर राबणाऱ्या माणसांचे मनापासून आभार मानले. कापसाच्या शेतातून आलेल्या मुलांच्या तोंडी ते शोभून दिसते.

गावाशी त्यांचे नाते कधी तुटले नाही. १९८२ पासून १९९७ पर्यंत ते दर जूनमध्ये फोर्ट पेन येथे ‘जून जॅम’ हा संगीतमेळा भरवीत आणि त्यातून जमलेले लक्षावधी डॉलर शाळा व सेवाभावी संस्थांना देत. १९८९ मध्ये ओवेनच्या पुढाकाराने मेम्फिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयासाठी कंट्री रेडिओ केंद्रांची निधी उभारण्याची मोहीम सुरू झाली.

२००२ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, निरोपाचा दौरा २००४ मध्ये संपला आणि २००५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २७ एप्रिल २०११ रोजी भीषण टोर्नेडोंनी (जमिनीवरून फिरणाऱ्या प्रचंड वावटळींनी) अलाबामात दोनशेहून अधिक बळी घेतले. फोर्ट पेन ज्या डीकाल्ब परगण्यात आहे, तोही उद्ध्वस्त झाला. वादळग्रस्तांच्या मदतीसाठी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे झालेल्या कार्यक्रमात ओवेन, जेन्ट्री आणि कुक पुन्हा एकत्र उभे राहिले आणि पुढे दौरेही सुरू झाले. कुकने २०१७ मध्ये आपल्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे जाहीर केले. बोटे साथ देईनाशी झाल्यावर त्याने दौरे थांबवले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, ओवेन आणि जेन्ट्री यांनी २६ वर्षांच्या खंडानंतर फोर्ट पेन येथे ‘जून जॅम’ पुन्हा भरवला.