गाडीला एनओसी लागते

[दृश्य: आंबेगाव बुद्रुक, सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी पुसली जातेय. नंबरप्लेट जवळून: एमएच १२.]

सव्वासातला दादा गाडी काढतो. आंबेगावातून बायपास गाठायचा, मग वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड आणि हिंजवडी. पंचवीसेक किलोमीटर. कोरड्या दिवशी दीड तास, पाऊस असला की देवाचं नाव घ्यायचं. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटकं लावून पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवे रस्ते खुले झाले, तेव्हा घरात हिशेब झाला होता की वीस मिनिटं वाचतील. वाचलीही. ती पुढे वाकडला खर्च झाली.

[दृश्य: गाडीच्या काचेतून बायपास. हिरवी पाटी.]

बायपासला लागताना दोनच बाजू. एकीकडे मुंबई, दुसरीकडे सातारा-बंगळुरू. बारा वर्षं दादा मुंबईच्या बाजूला वळतोय. उलटा वळला असता तर कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर. कागलच्या पुढे महाराष्ट्र संपतो. मग निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. साडेआठशेच्या आसपास किलोमीटर झाले की बंगळुरू. रस्ता तोच, राष्ट्रीय महामार्ग ४८. ज्या रस्त्यावर तो रोज अडकतो, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून फेब्रुवारीत त्याला नोकरीचं पत्र आलं.

दादा चिप तपासतो. म्हणजे चिप कारखान्यात जाण्याआधी तिचं डिझाइन कागदावर, खरं तर कॉम्प्युटरवर, बरोबर चालतंय का ते बघतो. पुण्यातही हे काम आहे. पण त्याच्या शब्दांत सांगायचं तर, "इथे तीन दारं आहेत गं. तिथे गल्लीच आहे दारांची. उद्या हे दार बंद झालं, तर समोरचं वाजवता येतं."

मी त्याची धाकटी बहीण. पुणं सोडून दुसऱ्या राज्यात जावं की न जावं, या पेचात पडलेल्या चार घरांवर मला फिल्म करायची होती. चारही घरांनी चहा दिला, पोहे दिले, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागले की माझा नाइलाज झाला. मग आपल्याच घरात कॅमेरा लावला. आमच्याकडे कॅमेऱ्यासमोर भांडायला कुणाची हरकत नसते.

[दृश्य: जेवणाचं टेबल. निळी प्लॅस्टिकची फाइल, चेन तुटलेली, रबरबँड लावलेला.]

ही बाबांची फाइल. घरातल्या प्रत्येकाचा दाखला हिच्यात आहे. शाळा सोडल्याचे दाखले, अधिवासाचे दाखले, जन्माचे दाखले. सगळ्यांना प्लॅस्टिकचे कव्हर. बंगळुरूचं पत्र आलं त्या रात्री पगाराची चर्चा दहा मिनिटांत संपली. आकडा चांगला होता. तिकडे घरमालक पाच-पाच, दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागतात, तेही धरून चांगला होता. त्यानंतर बाबांनी ही फाइल आणली, आणि मग दोन महिने चर्चा संपली नाही.

सुरुवात गाडीपासून झाली. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी आपल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर त्याच्याही आधी बँकेची. तिकडे गेल्यावर आजीवन कर नव्याने भरायचा, आणि इकडे भरलेल्यातला उरलेला परत मिळावा म्हणून अर्ज करायचा. दादा हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवत होता. वहिनी वकील आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली:

"माणसाला एनओसी लागत नाही. कलम १९. भारतात कुठेही फिरा, कुठेही राहा, कुठेही स्थायिक व्हा. गाडीला लागते."

दादाला वाटलं, ती त्याच्या बाजूने बोलली.

[दृश्य: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय. काळे कोट, झाडाखाली टेबल-खुर्च्या, टायपिंगचा आवाज.]

वहिनी शिवाजीनगर कोर्टात जमिनीच्या दाव्यांचं काम करते. मुळशी, मावळ, हवेली. वाटपाचे दावे, वारसनोंदी, फेरफार, विसार देऊन पुढे फिरलेले सौदे. कायद्याने बघितलं तर तिलाही अडचण नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये एका राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नाव नेण्याची सोय आहे, आणि त्याला फीसुद्धा नाही. दादाने ते कलम शोधून काढलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी वहिनीबरोबर एक दिवस कोर्टात गेले. आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे नुसतं ऐका. साक्षीदार सत्तरीचा शेतकरी. उलटतपासात तो म्हणाला, "त्यानं दर साली बांध कोरला, मी बोललो नाही." समोरच्या तरुण वकिलाने विचारलं, एकूण किती क्षेत्रावर अतिक्रमण झालं? म्हातारा गप्प. वहिनी उठली आणि तिने विचारलं, "बाबा, पहिल्यांदा कोरला तेव्हा बांधावर काय होतं?" तो म्हणाला, "बोर होती." "आता ती बोर कुणाच्या रानात आहे?" म्हातारा म्हणाला, "त्याच्या. मधोमध."

बांध कोरणं म्हणजे दर नांगरटीला शेजाऱ्याच्या बाजूची वीतभर माती आपल्याकडे ओढणं. वीस वर्षांत बांध सरकतो, झाड सरकत नाही. हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. हे वहिनीला येतं, कारण ती मुळशीतल्या घरात वाढली आणि तिच्या आजोबांचाही बांध कोणीतरी कोरला होता.

कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी आरटीसी असते. बोलीत तिला पहाणी म्हणतात. ऐकायला आपलाच शब्द. पण त्यावरची लिपी कन्नड, खालच्या कोर्टातली साक्ष कन्नडमधली. "शिकेन मी कन्नड," वहिनी म्हणते. "दोन वर्षांत भाजी आणेन, चार वर्षांत भांडेन. पण उलटतपास? त्याला 'बोर होती' कुठल्या आवाजात म्हणाला ते कळावं लागतं."

दादाच्या कामाची भाषा इंग्रजी. तो उद्या मलेशियातल्या पेनांगला गेला तरी त्याची चिप तशीच चुकणार आणि तो ती तशीच पकडणार. वहिनीच्या कामाची भाषा मराठी, तीही मुळशीची. घर एकच, पण त्यातलं एकाचं काम चाकावर आहे आणि दुसरीचं जमिनीत. आमच्या नातेवाइकांत मात्र प्रश्न एकाच पद्धतीने विचारला जातो: "मग, ती कधी सोडतेय प्रॅक्टिस?" सोडणार का, असंही कुणी विचारत नाही. कधी, एवढंच.

[दृश्य: भाची अभ्यासाच्या टेबलाशी. भिंतीवर वेळापत्रक.]

भाची यंदा आठवीत. तिच्यापायी जे निघालं त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या ८५ टक्के जागांवर हक्क सांगायचा, तर सर्वसाधारण नियम असा की अधिवास हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या अधिवासावरून वाट निघते, मेडिकलला तशी सहज निघत नाही. बरं, कर्नाटकच्या कोट्यात बसावं, तर तिकडे साधारणपणे सात वर्षं तिथल्या शाळा-कॉलेजात काढलेली लागतात. आठवी ते बारावी मोजा. पाच. म्हणजे आत्ता हलली तर इकडची राहत नाही आणि तिकडची होत नाही.

दादाने हे कागदावर मांडलं. दोन राज्यांचे दोन रकाने काढले. भाचीने तो कागद बघितला आणि विचारलं, "पण मला डॉक्टर व्हायचंय असं कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. पण दार बंद होणार म्हटल्यावर त्या खोलीत जायची इच्छा आई-बापांनाच होते.

वरच्या मजल्यावर याच सुमाराला हैदराबादची ऑफर आली होती. तिथे प्रश्न आणखी अवघड होता. कुटुंब अनुसूचित जातीतलं, मुलगा बारावीत. त्यांनी वहिनीला विचारलं, आपला दाखला तेलंगणात चालेल का? वहिनीने १९९० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला. वडील नोकरीसाठी आंध्रातून महाराष्ट्रात आलेले, मुलाने मुंबईच्या मेडिकल कॉलेजात अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश मागितलेला. घटनापीठाने सांगितलं, जात किंवा जमात अनुसूचित असते ती त्या त्या राज्यापुरती. राज्य बदललं की तिथल्या सवलती आपोआप मागे येत नाहीत. केंद्राच्या जागांचं वेगळं, पण राज्याच्या जागा गेल्या. अपमान मात्र सीमेवर थांबून दाखला विचारत नाही, असं वरचे काका म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. त्यांनी ऑफर सोडली. आमच्या घरात त्या रात्री कुणी आकड्यांवर बोललं नाही.

[दृश्य: गॅलरी. बाबा खुर्चीत, हातात पेपर.]

बाबा करमाळ्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी नालाबंडिंगच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. मिलोचं नाव काढलं तर अजूनही त्यांचं तोंड वाकडं होतं. १९७३ मध्ये अठराव्या वर्षी एसटीने पुण्यात आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. एका खोलीत सात जण, दोन पाळ्यांत झोपायचं, जेवण खानावळीत. मी विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा किती दिवस विचार केला होता?"

"विचार?" ते म्हणाले. "विचार करायला समोर दोन ताटं लागतात. माझ्यापुढे अर्धं होतं."

मग थोड्या वेळाने, मी कॅमेरा बंद करणार तेवढ्यात, म्हणाले, "पण मी करमाळ्याचा दाखला घेऊन पिंपरीत चाललो. कुणी विचारलं नाही."

ते खरं आहे. बाबांनी गाव सोडलं, राज्य नाही. पुण्यात अर्धी वस्ती अशीच, लातूरहून, बीडहून, जळगावहून, यवतमाळहून आलेली. ते सगळे स्वतःला बाहेरचे समजतात, पण त्यांची फाइल इथे चालते. राज्य म्हणजे काय हे आम्हाला एरवी कधी दिसलं नव्हतं. दादाच्या पगारपत्रकावर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर आणि फेब्रुवारीत ३००, एवढीच त्याची ओळख.

[दृश्य: कसबा पेठ, लाल महाल. शाळेच्या सहलीची मुलं.]

भाची मला इथे घेऊन आली. आत्ता दिसतो तो लाल महाल महापालिकेने नंतर बांधलेला. तिचं म्हणणं, "आत्या, हे तुझ्या फिल्ममध्ये पाहिजेच. शहाजीराजे बंगळुरात होते." मुद्दा बिनतोड. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीच्या हाती आलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. जिजाऊ आणि शिवबा पुण्यात आले, राजे तिकडे राहिले. धाकटे व्यंकोजी आणखी खाली तंजावरला गेले, आणि त्यांच्या घराण्याचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरेला वारले. समाधी तिथेच, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात.

हा इतिहास दादाला फार आवडला. मी जरा सावध आहे. राजे गेले तेव्हा बरोबर घोडदळ होतं. दादाबरोबर एक ट्रॉली बॅग. आणि जिजाऊंना पुण्यात राहायचं होतं की राहावं लागलं, हे भाचीच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. वहिनीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ, तेव्हाही बाई आणि पोर पुण्यातच."

सध्या ठरलंय ते असं. दादा जूनपासून एकटा जाईल. दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी येईल. भाचीची दहावी होईपर्यंत बाकीचे इथेच. पुढचं पुढे. याला निर्णय म्हणायचं की पुढची तारीख घेणं, ते वहिनीच सांगू शकेल. तिचा तो रोजचा धंदा आहे. आईने एवढ्या महिन्यांत एकच प्रश्न विचारला होता: "एका रात्रीत पोचता येतं ना?" येतं. मग तिच्या लेखी ते गाव लांब नाही.

[दृश्य: रविवार, रात्र. नवले पूल. खासगी बसची वाट बघणारी माणसं, बॅगा, हॉर्न.]

वाकडहून निघालेली बस इथे यायला अर्धा तास उशीर झाला. अर्थातच. बाबांनी फाइलमधून दादाचे दाखले काढून दिले नाहीत, झेरॉक्स दिल्या. बस आली, क्लीनरने बॅग पोटात टाकली, दादा चढला. निळ्या दिव्यांतून त्याचा हात दिसला आणि बस बोगद्याच्या बाजूला वळली.

गाडी इथेच राहिली, एमएच १२. वहिनीची सोमवारी पौडला तारीख होती. ती चालकाच्या सीटवर बसली, सीट दोन खाचा पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. भाची मागून उतरली आणि पुढे येऊन बसली.

"बेल्ट लाव," वहिनी म्हणाली.