पुण्याची सायकल नेमकी गेली कुठे?

नमस्कार मंडळी! पुणं म्हणजे सायकलींचं शहर, हे तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. कारकून, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. घरी नसेल तर तासाच्या भाड्यानं आणायची. पोरं आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची, मग पाय पुरायला लागले की सीटवर.

मग 1972 साल आलं. त्या एकाच वर्षात बजाजची चेतक स्कूटर आली आणि लूना मोपेडही. मला यातली लूना जास्त महत्त्वाची वाटते. तिला चक्क पायडल होतं! सायकलवाल्याला ती परकी वाटलीच नाही. पगारदार घरं हळूहळू तिच्यावर, मग स्कूटरवर गेली आणि सायकल जिन्याखाली गेली.

आता देशाचे आकडे बघा. 2001च्या जनगणनेत शहरांतल्या 46 टक्के घरांत सायकल होती, 2011 मध्ये ती 42 टक्क्यांवर आली. खेड्यांत मात्र 43 वरून 46! म्हणजे शहर उतरत होतं तेव्हा गाव सायकलवर चढत होतं. आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. गावात सातवीपर्यंतच शाळा असली की पुढचं शिक्षण शेजारगावच्या शाळेपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरवर अडतं. ते अंतर ओलांडायला एसटीची वाट बघावी लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

शहरात सायकल परत आली, पण गिअरची, हेल्मेटवाली, रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी दिसणारी. लॉकडाऊननंतर तर दुकानांत सायकली मिळेनात. मला याचा आनंदच आहे.

पण रोज पोटासाठी सायकल मारणारा माणूस कधी थांबलाच नव्हता. पेपर टाकणारा मुलगा, बांधकामावरचा गवंडी, रात्रपाळीचा वॉचमन. 2017 मध्ये पुणे महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. स्मार्टफोन नसलेल्या गवंड्याला त्यांचा काय उपयोग होता? सायकल ट्रॅक आखताना पहिला प्रश्न त्याला विचारायला हवा होता: दादा, तुम्ही कुठून कुठे जाता? अंधार कुठे लागतो?

आज एवढं करा. तुमच्या सोसायटीचे वॉचमनकाका ड्यूटीला कशावर येतात, किती लांबून येतात, ते त्यांना विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. मी प्रत्येक कमेंट वाचणार आहे.