पाण्याबाहेरचे वीस सेकंद

(पहाट. तळ्यावर वाफ. तंबूंच्या चेन सरकल्याचे आवाज.)

पावणेपाच वाजलेत. अजून नीट उजाडलेलं नाही पण तंबूंच्या चेन सरकायला लागल्यात, आधी एक, मग दोन, मग सगळ्याच. काल रात्री "झोपा रे आता" म्हणून ज्यांच्यावर तीनदा ओरडावं लागलं ती हीच पोरं, कुणी हाक मारायच्या आधी बूट घालून बाहेर उभी आहेत. तळ्यावर वाफ तरंगतीये. रात्रभरात हवा गार झाली, पाण्यानं मात्र कालची ऊब अजून धरून ठेवलीये, म्हणून ही वाफ. ऊन वर आलं की थोड्याच वेळात जाईल, त्यामुळे बघायची असेल तर आत्ताच बघा.

दोन दिवसांची गळानं मासे पकडायची स्पर्धा, वय आठ ते सोळा, मुक्काम तळ्याकाठी तंबूत. नियम एका कागदावर मावतात. जोडीनं बसायचं, मासा लागला की मोजपट्टीवर ठेवून लांबी बघायची, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. लांबी जोडीदार मोजणार आणि कार्डावर सही पण तोच करणार. वजनाचा काटा कुठेच नाही. आणि कागदाच्या तळाशी एक ओळ लाल पेननं दोनदा अधोरेखित केलीये, मासा पाण्याबाहेर जास्तीत जास्त २० सेकंद.

आम्ही कॅमेरा घेऊन आलो तेव्हा ती ओळ आम्हाला अशीच शेवटी टाकलेली वाटली होती. दोन दिवसांत लक्षात आलं की इथलं सगळंच, गाठ कशी मारायची इथपासून ते दुपारी कधी थांबायचं इथपर्यंत, त्या ओळीसाठी चाललंय.

(जवळून: ताईच्या हातात माशाचं चित्र, भोवती मुलं.)

माशाचे कल्ले आतून पाहिलेत कधी? लालभडक, पिसासारखे बारीक बारीक पदर असतात. पाण्यात असताना ते सुटे राहतात, प्रत्येक पदराला पाणी लागतं आणि पाण्यातला ऑक्सिजन रक्तात जातो. मासा बाहेर काढला की तेच पदर एकमेकांना चिकटून बसतात, ओल्या केसांच्या बटा चिकटतात ना तसे. आणि तो मासा तर गळाशी झटापट करून आधीच दमलेला असतो, म्हणजे पळत जिना चढून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरावं तसं झालं ते. शिकवणारी ताई मुलांना एकच साधी युक्ती सांगते आणि आम्हाला ती फार आवडली. ती म्हणते, मासा वर उचललात की तुम्ही पण श्वास धरायचा. तुम्हाला सोडावासा वाटला की त्याला पण सोडा.

(जेट्टी. निळ्या टोपीतला मुलगा, बाजूला लहान मुलगी.)

हा निळी टोपीवाला तेरा वर्षांचा, त्याची जोडीदार नऊची. कालच ओळख झालीये, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या. ती त्याला दादा म्हणते आणि तो काहीच म्हणत नाही, लाजतो बहुतेक. आत्ता तो तिला गाठ दाखवतोय. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गळाच्या डोळ्यातून ओवायचं, टोक स्वतःभोवतीच पाच-सहा वेळा पिळायचं, पहिल्या फटीतून आत घालायचं, मग जो मोठा लूप होतो त्यातून परत काढायचं, आणि ओढायच्या आधी थुंकी लावायची. हो, थुंकी. नायलॉन कोरडं ओढलं तर घासून गरम होतं आणि नेमकं गाठीपाशीच कमजोर पडतं, मग मासा लागल्यावर तुटतं आणि गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो. ती मुलगी प्रत्येक वेळी इतक्या मनापासून थुंकी लावत होती, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, की आमच्याकडे त्या गाठीचं चार मिनिटांचं फुटेज आहे आणि एक सेकंदही कापावासा वाटत नाहीये.

गळाच्या टोकाजवळ एक छोटा उलटा काटा असतो. तो मासा निसटू देत नाही, पण काढताना मांस फाडतो. इथे सगळ्यांनी तो काटा पकडीनं दाबून सपाट करायचा. मासे निसटतात मग, दोरी जरा ढिली पडली की गेलाच. मुलं आधी कुरकुरतात आणि नंतर दोरी ताणून धरायला शिकतात, आणि मुख्य म्हणजे गळ दोन सेकंदांत निघतो, म्हणजे वीसमधले अठरा उरले! शिशाची वजनं पण नाहीत इथे, दुसऱ्या धातूची आहेत. शिसं तळाला पडलं की पाणपक्षी ते खडा समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात, ब्रिटनमध्ये हंस असे मरायला लागले म्हणून १९८७ पासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली.

मग बसायचं. हा भाग व्हिडिओत दाखवता येत नाही कारण तासभर काही घडतच नाही. पण शांत बसण्यालाही कारण आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो, सेकंदाला साधारण १४८० मीटर, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, जवळच्या पाण्याची बारीकशी हालचालही तिला कळते. काठावर गप्पा मारल्या तर त्यातलं फारसं खाली पोचत नाही, पण जेट्टीच्या फळीवर पाय आपटला की ती बातमी सरळ पाण्यात. दिसण्याचं पण तसंच आहे, खालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग जेमतेम ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत आखडून दिसतं, आणि पाण्याच्या पातळीला लागून असलेलं त्या खिडकीच्या कडेला पार चेपलेलं. म्हणून जुने जाणते लोक काठावर उभे राहत नाहीत, उकिडवे बसतात. पोरांना हे सांगितल्यावर सगळी जेट्टी एकदम खाली बसली, तो शॉट बघा.

(दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तरंग बुडतो. आरडाओरडा.)

सहा वाजून वीस मिनिटं. लहानीचा तरंग एकदा हलला, परत हलला आणि खाली गेला. ती ओरडली "दादा!" आणि रॉड सोडूनच देणार होती, पण त्यानं रॉडला हात लावला नाही, नुसतं म्हणाला, "ताणून धर, घाई नको, रील फिरव." त्याच्या वयाचे किती जण लहान पोराच्या हातातून रॉड काढून घेतील सांगा. मासा जवळ आला तसं त्यानं जाळं आधी पाण्यात बुडवलं, हात ओले केले. कोरडा हात लावायचा नाही, कारण माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, ज्याची आपल्याला किळस वाटते, तोच त्याला जंतूंपासून वाचवतो, कोरड्या हातानं किंवा टॉवेलनं पुसला गेला की जखम उघडी ठेवल्यासारखंच. मोजपट्टीही आधी भिजवलेली. गळ काढला पाण्यातच. मग उचलला.

तिनं गाल फुगवून श्वास धरला. तो पट्टीवर वाकला, तोंड बंद, शेपूट चिमटीत, "साडेअठरा." फोटो. परत पाण्यात. तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत मासा सरळ धरून ठेवला, कल्ले उघडझाप करायला लागले, एक, दोन, तीन, आणि मग एकदम शेपटीचा फटका आणि तोंडावर पाणी. आम्ही नंतर फुटेजवर मोजलं, अकरा सेकंद. ती तशीच गाल फुगवून बसलेली, मासा जाऊनही. शेवटी त्यानंच सांगितलं, "अगं, सोड आता श्वास."

दुपारी बारा ते चार स्पर्धा बंद. मुलांना हे अजिबात पटत नाही. पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागत असतं. सकाळी सहज परत जाणारा मासा भर दुपारी त्याच झटापटीनंतर उलटा तरंगू शकतो. म्हणून दुपारी सावलीत, दोऱ्यांचा गुंता सोडवत.

त्या दिवशी तशीही सुट्टी लांबलीच. साडेतीनला ढग आले, वीज चमकली आणि ताईनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, तीन सेकंदांना एक किलोमीटर. बाराव्या सेकंदाला गडगडलं, म्हणजे चारच किलोमीटर. रॉड जमिनीवर, सगळे गाड्यांमध्ये. कार्बन फायबरच्या रॉडमधून वीज जाते आणि उघड्या पाण्याकाठी उंच धरलेली काठी म्हणजे बोलावणंच. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मध्ये परत गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. दोनदा शून्यावर गेलं. गाडीच्या काचेला नाकं चिकटवून बसलेली ती पोरं, आणि कुणीही, एकानंही, "जाऊ ना, थांबलाय पाऊस" म्हटलं नाही.

(रात्र. शेकोटी. टॉर्च.)

रात्री शेकोटीपाशी एका काकांनी रेकॉर्डची गोष्ट सांगितली आणि ती खरीच आहे. २ जून १९३२, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास जातीचा मासा पकडला, म्हणजे दहा किलोच्या वर. सत्त्याहत्तर वर्षं कुणाला जमलं नाही. मग २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना एक मासा लागला, पेरींच्या माशाहून भरला जरासाच जास्त, एक औंससुद्धा नाही. आणि नियम सांगतो की जुना रेकॉर्ड मोडायचा तर किमान दोन औंस जास्त हवेत. म्हणून आजही दोघांची नावं बरोबरीनं लिहिली जातात. शेकोटीभोवती एकदम शांतता, मग एक पोरगा म्हणाला, "मग त्यांनी सांगायचं ना दोन औंस," आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे जे बघितलं ना, ते कॅमेऱ्यात यायला हवं होतं, अंधार होता.

मासे सोडून द्यायची ही पद्धत स्पर्धांमध्ये पहिल्यापासून नव्हती बरं का. अमेरिकेत बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ साली पकडलेला मासा मारू नका असं स्पर्धकांना सांगायला सुरुवात केली, त्याआधी दिवसाच्या शेवटी मेलेले मासे टांगून फोटो काढणं हीच शान.

झोपायच्या आधी ताई सगळ्यांना जेट्टीवर घेऊन गेली आणि टॉर्च पाण्यात मारला. पाच मिनिटांत त्या उजेडात ठिपके नाचायला लागले, शेकडो, टुणटुण उड्या मारणारे. डॅफ्निया आणि तसलेच बारीक जीव. दिवसा खोल अंधारात लपतात, कारण वर माशांना ते दिसतात, आणि रात्री चरायला वर येतात. रोज वर, रोज खाली, जगभरच्या तळ्यांत आणि समुद्रांत. आणि त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. पोटावर आडवी पडून दहा-बारा डोकी पाण्यात बघतायत आणि कुणी काही बोलत नाही, हे आम्ही बरंच लांब ठेवलंय व्हिडिओत, तुम्हीही घाई करू नका.

(रविवार सकाळ.)

रविवारी सकाळी एक वाईट प्रसंग झाला. तिसऱ्या जोडीतल्या मुलीच्या माशानं गळ खोल गिळला, तोंडात दिसतच नव्हता. ती रडायला लागली. ओढून काढायचा मोह होतो, पण ओढला तर आतलं सगळं फाटतं. अशा वेळी तोंडाजवळ तंगूस कापायचं आणि गळ आतच ठेवून सोडायचं, तशा माशाची जगायची शक्यता ओढून काढलेल्यापेक्षा बरीच जास्त असते. हे सांगितलं कुणी? निळी टोपीवाल्यानं. पळत आला, कात्री त्याच्याच खिशात, कापलं आणि सोडला. लांबी मोजायची राहिली. ती म्हणाली राहू दे. नियमात बसलं नाही म्हणून तिच्या कार्डावर तो मासा नाहीच.

आणि हा निळी टोपीवाला, याच्याबद्दल सांगायचं राहिलंच. दोन दिवसांत याच्या गळाला काहीही लागलं नाही. शनिवारी सकाळी दोन निसटले, नंतर तेवढंही नाही. रविवारी दहानंतर त्यानं स्वतःचा रॉड बाजूला ठेवून दिला आणि जेट्टीवरच्या सगळ्या लहानांचं जाळं धरायला लागला. जो ओरडेल तिकडे हा हजर, हात ओले, पट्टी ओली. आम्ही मोजत होतो, त्याच्या हातून अकरा मासे परत गेले, सगळ्यात जास्त वेळ लागलेल्याला चौदा सेकंद.

बारा वाजता शिट्टी. बक्षिसं वाटली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. तंबू उतरवले, शेकोटीवर पाणी ओतलं, राख हलवून परत ओतलं, हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघितली, गार. झुडपांत अडकलेले तंगुसाचे तुकडे पोरांनी बोटांनी सोडवून पिशवीत भरले, कारण पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात आणि ते लवकर कुजत नाही. आमिषाच्या डब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, तळ्यात नाही, त्यातून दुसऱ्या पाण्यातलं काही इथे यायला नको.

(जेट्टी. दोघं बसलेले. कार्ड.)

मग कार्ड जमा करायची वेळ. लहानीचं आधीच भरलेलं, पाच ओळी, पाच सह्या. त्याचं कोरं. ती म्हणाली, "दादा, तुझ्यावर काय लिहू?" त्यानं पेन घेतलं आणि बेरजेच्या रकान्यात शून्य काढलं, सावकाश, अगदी गोल. मग कार्ड तिच्याकडे सरकवलं. तिनं बघितलं, जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला आणि खाली सही केली.