पदराची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. बाळ जन्मलं, रडलं, दूधही प्यायलं. पण एक हात अंगालगत नुसता पडून आहे. कोपर सरळ, तळहात मागे वळलेला. अशा वेळी घरात पहिली चौकशी काय होते? ‘ग्रहण पाळलं नव्हतं का?’ नाही हो! डोकं बाहेर येऊन खांदा अडकला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. अर्ब्ज पाल्सी म्हणतात याला. बाळ वजनदार असेल, आईला मधुमेह असेल, तर धोका वाढतो. आईचा यात काडीचा दोष नाही. आणि ग्रहण हा तर आकाशातला केवढा देखणा सोहळा! तो गरोदर बाईने उपाशीपोटी, अंधाऱ्या खोलीत बसून काढायचा, हे मला आजवर पटलेलं नाही.

असो. बहुतेक बाळांचा हात सुधारतो. नस नुसती ताणली असेल तर काही आठवड्यांत. नसेच्या आतले तंतू तुटून पुन्हा वाढायचे असतील तर वेळ लागतो, कारण ते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात. डॉक्टरांना लगेच दाखवा. 3 महिन्यांत कोपर वाकलं नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना गाठा. पुन्हा सांगते, 3 महिने. वर्षभर वाट पाहू नका.

माझ्याकडे एक आजी अशाच हाताच्या नातीला व्यायामासाठी घेऊन यायच्या. गावात बाळंतिणींची पोरं न्हाऊ घालायचं त्यांचं काम. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बाई, दोनशे पोरं न्हाऊ घातलीत मी. मला काय शिकवता?” म्हटलं, दाखवा. त्यांनी पोरीचे दोन्ही हात धरले, मालिशीत छातीवर फुली करून ओढतात ना, तसे ओढायला. मी त्यांचं मनगट धरलं. “आजी, हा हात ओढायचा नाही. काखेत धरून उचलायचंही नाही. अंगडं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.”

मग व्यायाम दाखवला. कोपर वाकवून बरगडीला टेकवायचं आणि पंजा अलगद बाहेर न्यायचा, दार उघडावं तसा. प्रत्येक लंगोट बदलताना दहा वेळा. कधी सुरू करायचा ते मात्र डॉक्टरांना विचारूनच. आजींनी तिथल्या तिथे पदराला गाठ मारली. “लंगोट बदलला, गाठ दिसली, की दार उघडायचं,” म्हणाल्या.

दहाव्या आठवड्यात डावं कोपर वाकलं. सहाव्या महिन्यात मला एक चाचणी करायची होती. बाळाच्या तोंडावर कापड टाकायचं आणि दुखऱ्या हाताने ते ओढतं का, पाहायचं. मी रुमाल शोधतेय तोवर आजी म्हणाल्या, “अहो, हे तर आम्ही रोज खेळतो. बुवाऽऽ कुक! पण ही लबाड उजव्यानेच ओढते. म्हणून मी उजवा धरून ठेवते.”

त्यांनी तो उजवा हात धरला आणि आपला पदर पोरीच्या तोंडावर टाकला. “बुवाऽऽ…”

पदराखालून चुळबुळ झाली. डावी बोटं हलली, कोपर वाकलं, हात अर्ध्यात थांबला. पुन्हा वर आला. चाचपडत चाचपडत मुठीत आली ती नेमकी पदराची गाठ, आणि पोरीने ती खस्सकन ओढली.

“कुक!” आजी म्हणाल्या, आणि त्याच पदराने त्यांनी डोळे पुसायला घेतले, तर पोर गाठ सोडेना.